संगणक सुरू होतानाचे संदेश मराठीत : एका वाचनालयाचे प्रकरण

मागणी

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील सर्व संगणकांवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली बसवलेली असून डेस्कटॉप, फाइल व्यवस्थापक आणि ब्राउझर हे सगळे मराठीतच वापरले जाते. मुख्य संगणकात एक जुनी, फिरत्या तबकडीची मोठी डिस्क आहे. वाचनालयातील जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि ग्रंथसूचीचा डेटाबेस तिच्यावर ठेवलेला आहे. वीज जाणे ही तिथली नित्याची बाब असून यूपीएसची बॅटरी केव्हाच उतरलेली आहे. पूर्वी कोणी तरी काळजीपोटी ‘ट्यून-टू-एफएस’ ही आज्ञा वापरून या डिस्कची ठरावीक वेळा जोडणी झाली की पूर्ण तपासणी व्हावी, अशी तजवीज करून ठेवली होती. त्यामुळे अधूनमधून संगणक सुरू होताना डेस्कटॉपऐवजी काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी दिसत, आणि बराच वेळ पुढे काहीच घडत नसे.

सकाळी वाचनालय उघडणाऱ्या साहाय्यकाच्या दृष्टीने हा सरळ बिघाड होता. बिघाड झाला की बटण दाबून धरायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, हे त्यांना कोणी तरी शिकवलेले होते. तपासणी अर्धवट तुटली की पुढच्या वेळी ती पहिल्यापासून सुरू होई आणि पुन्हा बटण दाबले जाई. या प्रकाराला कंटाळून कार्यवाहांनी लेखी विनंती केली की संगणक सुरू होतानाचे सर्व संदेश मराठीत करून मिळावेत.

मागणी रास्त होती, परंतु तिच्यामागे एक गृहीतक होते. सुरुवातीच्या संदेशांची भाषा ठरवणारी एखादी कळ कुठे तरी असेल आणि ती फिरवली की काम होईल, असे विनंती करणाऱ्यांना वाटत होते. आणि आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञालाही तसेच वाटले असावे, असे पुढील हकिकतीवरून दिसते.

आधी झालेला प्रयत्न

त्या तंत्रज्ञाने ‘लोकेल-जेन’ने मराठीचे लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशाच्या मांडणीचा संच, तयार केले आणि ‘/ईटीसी/डीफॉल्ट/लोकेल’ या फाइलमध्ये ‘लँग’ या चलाला ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ हे मूल्य दिले. शिवाय ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कर्नल ओळीत (लिनक्सच्या गाभ्याला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत) ‘लोकेल.लँग’ हा पर्याय तेच मूल्य देऊन जोडला. या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहिल्यास बरोबर आहेत. सिस्टमडी, म्हणजे सर्व सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, पहिला प्रोसेस म्हणून उभा राहताना हीच मूल्ये वाचतो, कर्नल ओळीतील मूल्याला फाइलपेक्षा वरचा मान देतो आणि आपण सुरू करीत असलेल्या प्रत्येक सेवेच्या परिसरात ती पोहोचवतो. परिणाम मात्र अपेक्षेहून फार वेगळा झाला.

पडद्यावरच्या इंग्रजी ओळी होत्या तशाच राहिल्या, कारण ‘स्टार्टिंग’ आणि ‘स्टार्टेड’ अशा शब्दांनी सुरू होणारी सिस्टमडीची वाक्ये लोकेल पाहून बदलत नाहीत. वाक्याचा साचा प्रोग्रॅममध्येच इंग्रजीत आहे आणि पुढचे वर्णन सेवेची माहिती ठेवणाऱ्या युनिट फाइलमधील ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीतून जसेच्या तसे उचलले जाते. युनिट फाइलमध्ये एकाच वर्णनाची निरनिराळ्या भाषांतील रूपे ठेवण्याची सोय नाही. जर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीतील, नोंदींची सविस्तर स्पष्टीकरणे देणारा एक कॅटलॉग सिस्टमडीजवळ असतो आणि त्याची फ्रेंच, रशियन, पोलिश, इटालियन यांसारखी भाषांतरे आहेत. पण तो ‘जर्नल-सीटीएल’ला खास पर्याय दिल्यावर दिसतो, सुरू होताना नव्हे, आणि या संगणकावरील आवृत्तीत त्याचे मराठी रूप नव्हते.

जिथे लोकेलचा परिणाम झाला तिथे तो नको तसा झाला. डेबियनमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामेदेखील पॅम या ओळखतपासणीच्या यंत्रणेच्या मार्गाने तीच ‘डीफॉल्ट/लोकेल’ फाइल वाचतात. रात्री डेटाबेसची प्रत घेणारी स्क्रिप्ट ‘डेट’ आज्ञेने महिन्याचे नाव घेऊन त्या नावाची डिरेक्टरी करीत असे आणि जुन्या प्रती काढून टाकणारी दुसरी स्क्रिप्ट इंग्रजी महिन्यांची यादी धरून चाले. लोकेल बदलताच पहिली स्क्रिप्ट मराठी महिन्यांच्या डिरेक्टऱ्या करू लागली, दुसरीला त्या ओळखता येईनात, आणि डिस्क हळूहळू भरत गेली. स्क्रिप्टच्या आरंभी ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ हे मूल्य देऊन ठेवण्याची शिस्त किती आवश्यक असते, हे असे काही झाल्यावरच लोकांना पटते. त्या दोन्ही स्क्रिप्टमध्ये ती ओळ नंतर घालण्यात आली. पण मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता.

पडद्यावर कोण बोलते

बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत पडद्यावर एकामागून एक निरनिराळे घटक बोलत असतात, आणि प्रत्येकाची भाषेची व्यवस्था वेगळी असते. सर्वांत आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला प्रोग्रॅम, बोलते. त्याच्या सेटिंगमध्ये दोन-चार भाषा असल्या तरी मराठी नसते, आणि तिथे आपले काही चालत नाही.

त्यानंतर ग्रब येतो. ग्रब स्वतः भाषांतरांचा वापर करतो, परंतु एका विचित्र रीतीने. मेनूतील नोंदींची नावे आणि ‘लिनक्स लोड होत आहे’ या अर्थाची ओळ ही संगणक सुरू होताना भाषांतरित होत नसून ‘अपडेट-ग्रब’ चालवताना त्या क्षणी जे लोकेल असेल त्या भाषेत कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून टाकली जातात. म्हणजे एखाद्याने फ्रेंच टर्मिनलवरून ही आज्ञा चालवली तर मेनू फ्रेंच होतो, आणि पुढे कर्नलचे स्वयंचलित अद्यतन इंग्रजी परिसरात झाले की तोच मेनू मुकाट्याने इंग्रजी होतो. ग्रबच्या या आवृत्तीबरोबर आलेल्या भाषांतरांत मराठी नव्हती, तेव्हा हा खेळ इथे घडला नाही. मेनूच्या नोंदीला स्वतः मराठी नाव देऊन पाहिले. ग्रबचा चित्ररूप पडदा युनिफाँट या बिटमॅप फाँटवर चालतो आणि त्यात देवनागरीची सुटी चिन्हे आहेत. जोडाक्षरे मात्र नाहीत. ‘दुरुस्ती’ या शब्दातील ‘स्ती’ पाय मोडलेला ‘स’ आणि पुढे ‘ती’ अशी फुटून आली. मग मेनूच लपवून ठेवण्याचे ठरले. ज्याला तो लागतो त्याला तो कळ दाबून मिळतो.

ग्रबनंतर कर्नल बोलतो, आणि तो इंग्रजीतच बोलतो. कर्नलचे संदेश भाषांतरित करण्याची कोणतीही यंत्रणा लिनक्समध्ये नाही, आणि माझ्या मते ती नाही हेच बरे आहे. डिस्क नियंत्रकाने दिलेली एखादी त्रुटी शोधायची असेल, कोणाला कळवायची असेल किंवा ‘ग्रेप’ या शोधआज्ञेने जर्नलमधून वेगळी काढायची असेल, तर ते वाक्य जगभर अक्षरशः एकच असणे हीच त्याची उपयुक्तता असते. त्यापाठोपाठ येणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये तर लोकेलच्या फाइलीही नसतात. मूळ फाइलप्रणाली जोडली जाईपर्यंत सगळा कारभार त्या छोट्या, मेमरीत उघडलेल्या संचातून चालतो आणि त्याच्या स्क्रिप्ट थेट इंग्रजी मजकूर छापतात. त्यानंतर सिस्टमडी, मग त्याने सुरू केलेल्या सेवा, आणि शेवटी लॉगिनची चौकट दाखवणारा लाइटडीएम अशी ही परंपरा पुढे सरकते. यांपैकी फक्त शेवटच्याजवळ मराठी नीट दाखवण्याची पूर्ण सामग्री असते.

कन्सोलची खरी अडचण

समजा, या सर्वांची भाषांतरे उद्या तयार झाली. तरी काळ्या पडद्यावर ती वाचता येणार नाहीत. लिनक्सचे अक्षर-कन्सोल कर्नलच्या आत चालते. व्हीजीए काळापासूनचा वारसा म्हणून त्याच्या फाँटमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ आकृती मावतात, आणि प्रत्येक युनिकोड चिन्हासाठी एक चौकोन व त्यात एक आकृती एवढेच त्याला समजते. देवनागरीचा युनिकोड विभाग अवघ्या १२८ जागांचा आहे, तेव्हा संख्येची अडचण नाही; अडचण जुळणीची आहे. ‘स्थिती’ हा शब्द संगणकात स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी अशा सहा चिन्हांनी साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटी साठवताना ‘थ’च्या नंतर येते, पण दिसताना तिला अख्ख्या जोडाक्षराच्या आधी जावे लागते, आणि ‘स’ व ‘थ’ यांना एकत्र येऊन वेगळाच आकार घ्यावा लागतो. हे काम डेस्कटॉपवर पँगो आणि हार्फबझ ही लायब्ररींची जोडी ओपनटाइप फाँटमधील नियम वाचून करते. कर्नलच्या कन्सोलमध्ये यातले काहीही नाही. तिथे फाँटमध्ये देवनागरी भरली तरी सहा चौकोनांत सहा सुटे तुकडे पडतात, आणि भरली नाही तर प्रत्येक चिन्हाच्या जागी एकच ठोकळा उमटतो.

वितरणे तयार करणाऱ्यांना ही मर्यादा पूर्वीपासून माहीत आहे आणि त्यांनी तिच्यावर घेतलेले निर्णय त्यांच्या फाइलींत उघड दिसतात. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या परिवारात सिस्टमडीच्या आधी ज्या इनिट स्क्रिप्ट होत्या, त्यांतील वाक्ये बॅश या स्क्रिप्टभाषेच्या डॉलर-अवतरण पद्धतीने भाषांतरासाठी खुली ठेवलेली होती आणि त्यांची भाषांतरे अनेक भाषांत, मराठीतही, झालेली होती. त्याच परिवारातील ‘लँग.एसएच’ ही छोटी स्क्रिप्ट उघडून पाहावी. तीत आपण लिनक्सच्या कन्सोलवर आहोत का हे तपासले जाते, आणि असल्यास जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फारसी, हिब्रू यांच्याबरोबर ‘आयएन’ने संपणारी सर्व भारतीय लोकेल एका झटक्यात अमेरिकी इंग्रजीकडे वळवली जातात. त्या ओळीच्या लगेच आधी भारतीय इंग्रजीला तेवढी सूट दिलेली आहे. भाषांतर करणाऱ्यांच्या श्रमांवर एका ओळीने पाणी फिरवले, असे कोणाला वाटेल. परंतु ठोकळ्यांची रांग वाचण्यापेक्षा न समजणारे इंग्रजी निदान फोनवर कोणाला वाचून तरी दाखवता येते.

डेबियनचा निर्णयही त्याच दिशेचा आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी फक्त चित्ररूप पद्धतीत निवडता येते. अक्षररूप पद्धतीच्या यादीत ती दिसतच नाही. खात्रीसाठी वाचनालयातील एक दुय्यम संगणक चित्ररूप इन्स्टॉलरने मराठी निवडून नव्याने बसवला. बसवून झाल्यावर रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, ‘.प्रोफाइल’ फाइलच्या शेवटी इन्स्टॉलरने स्वतःहून टीप लिहिलेली आढळली. हे लोकेल लिनक्सच्या कन्सोलवर नीट दाखवता येत नसल्यामुळे रूटसाठी स्थानिकीकरण ठेवलेले नाही, अशा आशयाची ती टीप होती आणि तिच्याखाली ‘लँग’ व ‘लँग्वेज’ या दोन्ही चलांना ‘सी’ हे मूल्य दिलेले होते.

फ्रेमबफरवर (पडद्याच्या चित्रस्मृतीवर) स्वतःचे टर्मिनल चालवणारे केएमएसकॉनसारखे पर्याय आहेत. परंतु ते वापरकर्ता-पातळीवरचे प्रोग्रॅम असल्यामुळे सिस्टमडी बराच पुढे गेल्यावर सुरू होतात, आणि ज्या टप्प्यावर डिस्कची तपासणी चालते तो टप्पा तोवर मागे पडलेला असतो. म्हणून तो विचार लवकरच सोडून दिला. युनिट फाइलींचे वर्णनच मराठीत लिहावे, अशीही एक सूचना आली. ड्रॉप-इन फाइल, म्हणजे मूळ युनिट फाइलची पुरवणी, करून छपाईच्या सेवेपुरती ती करूनही पाहिली. कन्सोलवर अर्थातच ठोकळे आले, आणि जर्नलमध्ये अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी असे एक वाक्य तयार झाले, जे शोधायला गेले तर कुठेच सापडणार नाही.

कोणता संदेश कोणासाठी

येथे मागणीकडे पुन्हा पाहणे भाग होते. साहाय्यकाला मुद्रणसेवा सुरू झाल्याची किंवा नेटवर्कचा पत्ता मिळाल्याची बातमी मराठीत हवी होती काय? त्यांच्याशी बोलल्यावर असे दिसले की त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्या होत्या. संगणक व्यवस्थित सुरू होत आहे की अडकला आहे, थांबायचे असेल तर बटण दाबायचे नाही, आणि खरोखरच अडकला असेल तर कोणाला फोन करायचा. उरलेल्या शेकडो ओळी तंत्रज्ञासाठी आहेत आणि तंत्रज्ञाला त्या इंग्रजीत असलेल्याच परवडतात. त्यामुळे सर्व संदेशांचे भाषांतर करण्याऐवजी कन्सोलवरील इंग्रजी पडद्याआड ठेवायचे आणि त्याच्या जागी मोजकी मराठी वाक्ये अशा ठिकाणी आणायची की जिथे ती अचूक दिसतील, असे ठरले.

अशी जागा म्हणजे प्लिमथ. संगणक सुरू होताना चित्र दाखवणारा हा प्रोग्रॅम इनिटरॅमएफएसमध्येच सुरू होतो, पडदा चित्ररूपात ताब्यात घेतो आणि लॉगिनची चौकट येईपर्यंत तिथेच राहतो. त्याच्या ‘स्क्रिप्ट’ प्रकारच्या थीममध्ये छोट्या भाषेत प्रोग्रॅम लिहिता येतो आणि मजकुराचे चित्रही करून घेता येते. ते चित्र पँगोमार्फत तयार होत असल्याने कागदावर पाहता मराठी चालायला हवी होती. पहिल्या चाचणीत मात्र अक्षरांच्या जागी छोट्या चौकटी आल्या आणि प्रत्येक चौकटीत चिन्हाचा युनिकोड क्रमांक होता. ‘स’च्या जागी ०९३८ असे आकडे स्पष्ट वाचता येत होते. ‘एलएस-इनिटरॅमएफएस’ने संचातील फाइली पाहिल्यावर कारण समजले. प्लिमथच्या हूक स्क्रिप्टने (संच बांधताना चालणाऱ्या स्क्रिप्टने) आत डेजाव्हू सान्स हा फाँट घातला होता आणि डेजाव्हूमध्ये देवनागरी नाही. मूळ डिस्कवर लोहित देवनागरी बसवलेला होता, पण त्या घटकेला मूळ डिस्क अजून जोडलेलीच नसते.

वेगळी हूक लिहून लोहित आणि त्यासाठीचे फाँटकॉन्फिगचे नियम आत घालता आले असते. तसे न करता वाक्यांची चित्रेच आधी तयार करून ठेवण्याचा मार्ग निवडला. डेस्कटॉपवर, जिथे पँगो, हार्फबझ आणि फाँट सर्व जागेवर आहेत तिथे, ‘पँगो-व्ह्यू’ आज्ञेने प्रत्येक वाक्याची पीएनजी प्रतिमा काढली आणि थीमच्या डिरेक्टरीत ठेवली. सुरू होताना मग जुळणीचा प्रश्नच उरत नाही, कारण प्लिमथला फक्त चित्र मांडायचे असते. वाक्य बदलायचे झाल्यास चित्र नव्याने काढावे लागते, ही गैरसोय खरी. पण ही वाक्ये वर्षानुवर्षे बदलणारी नव्हती.

तपासणीचा पडदा

या कामाचा गाभा डिस्कतपासणीचा संदेश हा होता, आणि सुदैवाने डेबियन ११ मधील ‘सिस्टमडी-एफएससीकेडी’ या सेवेने तो सोपा केला. ही सेवा चालू असलेल्या सर्व तपासण्यांची प्रगती एकत्र करते आणि प्लिमथला एक ओळ पाठवत राहते. त्या ओळीत आधी ‘एफएससीकेडी’ हा शब्द, मग विसर्गचिन्ह (:), मग किती डिस्क तपासल्या जात आहेत ती संख्या, पुन्हा विसर्गचिन्ह, मग टक्केवारी, आणि शेवटी वापरकर्त्याला दाखवण्याजोगे भाषांतरित वाक्य असते. शेवटच्या वाक्याचे मराठी भाषांतर उपलब्ध नव्हते, पण त्याची गरजच नव्हती. थीममधील स्थितिदर्शक फंक्शन ही ओळ आली की तिचा आरंभ तपासते, विसर्गचिन्हांवर तुकडे करून टक्केवारी वेगळी काढते आणि उरलेले टाकून देते.

पडद्यावर मग वाचनालयाचे बोधचिन्ह, त्याखाली ‘डिस्कची तपासणी चालू आहे. यास वेळ लागतो. कृपया बटण दाबू नका.’ असे मोठ्या अक्षरांतील वाक्य, आणि त्याखाली देवनागरी आकड्यांत टक्केवारी दिसते. आकड्यांसाठी शून्यापासून नवापर्यंत दहा चित्रे आणि टक्क्याचे एक चित्र पुरले. टक्केवारीतील प्रत्येक अंकासाठी योग्य ते चित्र शेजारी मांडायचे एवढेच काम थीमकडे राहते. पूर्णांकानंतरचा दशांश मुद्दाम गाळला. आकडा हलतो आहे हे दिसणे महत्त्वाचे आहे; दशांश किती हे साहाय्यकाच्या कामाचे नाही.

हीच सेवा आणखी एक संदेश पाठवते, तो म्हणजे कंट्रोल व सी या कळा दाबून तपासणी रद्द करण्याची सूचना. तो थीममध्ये जाणीवपूर्वक दुर्लक्षित ठेवला आहे. ज्या सवयीमुळे हे प्रकरण उद्भवले तिला मराठीत आमंत्रण देण्यात काही शहाणपण नव्हते.

इतर वेळी पडद्यावर ‘संगणक सुरू होत आहे’ एवढेच दिसते, आणि बंद करताना ‘संगणक बंद होत आहे’. प्लिमथ आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे थीमला सांगतो, त्यामुळे ही निवड सोपी असते. सिस्टमडी सुरू झालेल्या प्रत्येक सेवेचे युनिट-नावही प्लिमथला कळवतो आणि ती नावे कोणत्याही लोकेलमध्ये बदलत नाहीत, त्यामुळे हवे असल्यास प्रत्येक नावासमोर मराठी चित्र लावता आले असते. त्याचा फक्त एकदा उपयोग केला. डेटाबेसची सेवा सुरू झाल्यावर ‘ग्रंथसूची उघडत आहे’ असे दिसते, कारण वीज गेल्यानंतर डेटाबेसला सावरायला कधी कधी वेळ लागतो.

कर्नल ओळीत ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे पर्याय आणि ‘लॉगलेव्हल’ला ३ हे मूल्य दिल्यावर इंग्रजी ओळी पडद्याआड गेल्या. एस्केप कळ दाबली की त्या पुन्हा दिसतात, त्यामुळे तंत्रज्ञाचे काहीच हरवलेले नाही. दुय्यम संगणकांपैकी एकावर मात्र चित्राऐवजी प्लिमथचा अक्षररूप पडदा येत राहिला. तिथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएस संपल्यावर लोड होत होता; त्याचे नाव ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या मॉड्यूल यादीत लिहून संच नव्याने बांधल्यावर चित्र वेळेवर आले.

लोकेल पूर्वपदावर, लॉगिन मराठीत

प्रणालीचे लोकेल ‘सी.यूटीएफ-८’ केले आणि कर्नल ओळीतील ‘लोकेल.लँग’ काढून टाकले. सेवा, क्रॉन आणि कन्सोल यांची भाषा त्यामुळे पुन्हा तटस्थ झाली, आणि मराठी नावांच्या फाइली हाताळण्यात यूटीएफ-८ मुळे अडचण राहिली नाही. वापरकर्त्यांच्या सत्रातील मराठी त्यांच्या ‘.एक्ससेशनआरसी’ फाइलीत होती, ती तशीच ठेवली.

उरली लॉगिनची चौकट. लाइटडीएमच्या युनिटला ड्रॉप-इन फाइल जोडून त्यात ‘लँग’चे मराठी मूल्य देणे हा पुस्तकी उपाय झाला, आणि तो चालला नाही. डेबियनमध्ये लाइटडीएमचे स्वागतपान स्वतः एका पॅम सत्रातून सुरू होते आणि ते सत्र ‘डीफॉल्ट/लोकेल’ फाइल पुन्हा वाचून आधीचे मूल्य पुसून टाकते. सिस्टमडीने दिलेले मूल्य तिथवर पोहोचते, पण टिकत नाही. म्हणून स्वागतपानाच्या पॅम फाइलमधील त्या ओळीत मराठी मूल्य असलेल्या वेगळ्या फाइलचा पत्ता दिला. ज्यांना लोकेल बदलूनही लॉगिनची चौकट जुन्याच भाषेत दिसते, त्यांनी आधी ‘पॅम.डी’ डिरेक्टरी पाहावी, असे मी सुचवेन. सिस्टमडीच्या कागदपत्रांत त्याचे उत्तर सापडत नाही.

जिथे मराठी पोहोचत नाही

डेटाची डिस्क जोडताच आली नाही तर सिस्टमडी आणीबाणीच्या अवस्थेत जातो. त्या वेळी प्लिमथ बंद केला जातो आणि कन्सोलवर इंग्रजी ओळी येऊन रूटचा पासवर्ड मागितला जातो. हा प्रसंग टाळण्यासाठी ‘एफएसटॅब’ या डिस्कजोडणीच्या यादीत या डिस्कपुढे ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, असा सल्ला साहजिकच पुढे आला. त्याने डिस्कविना डेस्कटॉप येतो, आणि डिस्क सुस्थितीत असली तरी तिची तपासणी संपण्याची वाट न पाहता संगणक पुढे जातो. पण मग ग्रंथसूचीचा प्रोग्रॅम रिकाम्या डिरेक्टरीवर उघडण्याचा धोका होता, आणि कोणी त्या रिकाम्या सूचीत पुस्तकांची देवघेव नोंदवू लागले असते. चुकीच्या डेटावर चालणाऱ्या डेस्कटॉपपेक्षा थांबलेला संगणक बरा, या विचाराने ‘नोफेल’ नाकारले. त्याऐवजी ‘ट्यून-टू-एफएस’ने लावलेली जोडण्यांची मर्यादा काढून टाकली आणि पूर्ण तपासणी महिन्यातून एकदा, वाचनालयाच्या साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी मुद्दाम करण्याचे ठरले. फाइलप्रणालीवर त्रुटीची खूण पडलेली असेल तर तपासणी अर्थातच केव्हाही होते आणि मराठी पडदा खरा उपयोगी पडतो तो तेव्हाच.

आणीबाणीच्या अवस्थेसाठी आणि फर्मवेअरच्या पडद्यासाठी मॉनिटरच्या कडेला छापील कागद चिकटवला आहे. त्यावर त्या दोन्ही पडद्यांची छायाचित्रे, ‘असा पडदा दिसल्यास बटण दाबू नका, पडद्याचा फोटो काढून पाठवा’ ही सूचना आणि फोन क्रमांक आहे. काम स्वीकारताना एका सदस्यांनी विचारले की सगळे मराठीत करणार होतात, मग कागद कशाला? त्यांना आणीबाणीचा पडदा प्रत्यक्ष दाखवला आणि तेथे मराठी लिहिली असता कशी दिसते तेही दाखवले. त्यानंतर कागद लॅमिनेट करून घेण्याची सूचना त्यांनीच केली.

वाचनालयाकडे सोपवलेल्या टिपणात देखभालीच्या दोनच गोष्टी ठळकपणे नोंदवल्या आहेत. थीममधील एखादे चित्र बदलल्यास ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवल्याशिवाय नवे चित्र दिसणार नाही, कारण सुरू होताना वापरली जाते ती त्या संचातील प्रत. आणि लाइटडीएमच्या अद्यतनात पॅमची फाइल बदलण्याविषयी विचारणा झाली तर वाचनालयाची प्रत कायम ठेवावी, अन्यथा लॉगिनची चौकट पुन्हा इंग्रजी होईल.